हळद लागलेली रेकॉर्ड

रिकामं कव्हर टेबलावर ठेवून रंभाबाई राऊत खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "रेकॉर्ड मिळाल्याबिगर मी माहीमला परत नाय जायची."

बोईसर स्टेशनसमोरच्या त्या खोलीत अर्चना सावे खाजगी तपासाची कामं घेत असे. बहुतेक कामं कारखान्यांतल्या चोऱ्यांची. पंढरी जगदाळे हा निवृत्त सुरक्षारक्षक तिचा मदतनीस. गाडी सावकाश चालवायचा आणि तर्क घाईने करायचा.

रंभाबाईंना बोईसरकडच्याच माहीम गावाहून त्यांचा भाचा भाग्येश मोटरसायकलवरून घेऊन आला होता. तो बेटेगावला राहायचा, तारापूरच्या एका कारखान्यात कामाला होता. आत्याला धाप लागली होती, म्हणून हकिकत त्यानेच सांगितली.

रंभाबाईंची आई मैनाबाई लग्नाची गाणी म्हणायची. मुंबईच्या एका छोट्या कंपनीने तिला आणि माहीमच्या चार बायकांना नेऊन गाणी रेकॉर्ड केली. कंपनी लगेच बुडाली. रेकॉर्डी निघाल्या मोजक्याच, आणि त्यातली ही एक उरली. गावात लग्न असलं की नारळाच्या झाडाला कर्णा बांधायचे आणि मैनाबाईचा आवाज पार खाडीपर्यंत जायचा. तिचा धड फोटोही कुणाकडे नव्हता. होता तो एवढा आवाज.

"संग्राहक वेडे झालेत हिच्यासाठी," भाग्येश म्हणाला. "मी त्यांच्या मोबाईलवरच्या गटावर कव्हरचा फोटो टाकला होता. आत्याला म्हटलं, विकून टाक. ती ऐकेल तर ना."

"आईला विकू?" रंभाबाई म्हणाल्या.

उद्या संध्याकाळी त्यांच्या नातीची, दीपिकाची हळद होती. रविवारी कपाट उघडं होतं, घरात माणसांची ये-जा होती. काल पाहिलं तर कव्हर रिकामं.

"रेकॉर्ड दिसायला कशी?" अर्चनाने विचारलं.

"काळी. मधला गोल कागद पांढरा होता कधीकाळी, आता सगळा पिवळा. आमच्याकडं हळद पयली रेकॉर्डला लागते, मग नवरीला. आईचा मान तो. किती लग्नांतली बोटं हायत त्याच्यावर."

"आणि कुंकू?"

"कुंकू देवापुढं. हिला हळदच."

अर्चनाने कव्हरमधला पातळ कागद बाहेर काढला. त्यावर पिवळी भुकटी गोल उमटली होती. दुसरा कुठलाच रंग नव्हता.

रविवारी कपाटाच्या खोलीत घराबाहेरची तिघंच येऊन गेली होती. स्वतः भाग्येश, हळदीला गाण्यांचा सेट लावणारा वडराईचा मिथुन, आणि कव्हरचा फोटो पाहून आलेला, जुन्या रेकॉर्डी विकणारा बोईसरचा सुजीत.

"तुम्ही घरी जा आणि हळद भिजवायला घ्या," अर्चना म्हणाली. "रेकॉर्ड मी घेऊन येते."

जिना उतरताना पंढरी पुटपुटला, "ताई, आधी सापडू तरी द्या."

वडराईला मिथुन आपल्या अंगणात रेकॉर्डी पुसत बसला होता. प्रत्येक रेकॉर्डच्या मधल्या कागदावर तो स्टीलची वाटी उपडी ठेवायचा आणि मग कडेने ओला फडका फिरवायचा.

"कागदाला पानी लागला का संपला," तो म्हणाला. रंभाआजीने त्याला प्लेअरची सुई बघायला बोलावलं होतं. रेकॉर्डला त्याने हात लावला नव्हता. "आनि चोरून मी करू काय? आमी लग्नांत वाजवनारी मानसं. ही वाजवली का पयल्या ओळीला अख्खं माहीम वळखेल."

"सराईत उत्तर आहे," पंढरी गाडीत म्हणाला.

सुजीतचं दुकान नवापूर नाक्याजवळ होतं. चहा सांगून त्याने जुन्या रेकॉर्डींच्या बाजाराबद्दल बरंच ऐकवलं. घेणाऱ्याला गाणं नको असतं, वस्तू हवी असते. चरा नको, शाई नको, कव्हरचा कोपरा दुमडलेला नको. काही जण तर आयुष्यभर रेकॉर्ड वाजवतच नाहीत.

"रंभाबाईंची रेकॉर्ड पाहिलीत तुम्ही?"

"छे. आजींनी कव्हर दाखवलं, तेही लांबून. रेकॉर्ड बाहेर काढलीच नाही."

"मिळाली असती तर घेतली असतीत?"

"कुंकवाचे लाल डाग पडलेलं लेबल? फुकट दिली तरी कोणी घेणार नाही."

अर्चनाने कप खाली ठेवला. "डागांचं कोणी सांगितलं?"

"असंच, ऐकलं होतं," सुजीत म्हणाला आणि गिऱ्हाइकाकडे वळला.

शेवटी ती दोघं बेटेगावला भाग्येशच्या खोलीवर गेली. बायको लग्नासाठी आधीच माहीमला गेलेली, त्यामुळे धुणंभांडी त्याच्याच गळ्यात. खोलीत पसारा होता. त्याने खुर्ची रिकामी करून दिली, आणि चोरीसाठी मिथुनचं नाव घेतलं. खिडकीतल्या दोरीवर एक पांढरा टॉवेल वाळत होता. त्यावर वाटीच्या तळाएवढा गोल तांबूस डाग होता, आणि त्याच्या बरोबर मध्ये टिकलीएवढा पांढरा ठिपका.

"हे काय सांडलं?" पंढरीने विचारलं.

"रस्सा," भाग्येश म्हणाला.

परतताना पंढरीचा निकाल तयार होता. "सुजीतच चोर. दुकानाची झडती घेऊ."

"काही मिळणार नाही. रेकॉर्ड त्याच्याकडे नाही. न पाहिल्याचं मात्र तो खोटं बोलला."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माहीमच्या वाडीत मांडव सजला होता. दीपिका पाटावर बसायला तयार नव्हती. "आधी आजी हसू दे," म्हणत होती. अर्चनाने रंभाबाईंना आणि त्या तिघांना मागच्या पडवीत बोलावलं. सुजीतला पंढरीने गाडीतून आणलं होतं. तिने हळदीच्या वाटीत बोट बुडवून पांढऱ्या रुमालावर टेकवलं. मग त्या डागावर ओला साबण घासला. पिवळा डाग बघता बघता लाल झाला.

"अरे!" पंढरी म्हणाला.

"त्यात काय?" रंभाबाई म्हणाल्या. "धुनं धुनारी कुटलीबी बाई सांगेल."

"बाई सांगेल," अर्चना म्हणाली. "पण हे काम बाईचं नव्हतं. लेबलवर हळदच होती, हे रंभाबाई सांगतात आणि आतला कागदही सांगतो. घरातून गेली तेव्हा रेकॉर्ड पिवळी होती. सुजीतराव, तुम्हाला मात्र ती लाल माहीत आहे. म्हणजे साबण लागल्यानंतर तुम्ही ती पाहिली. कोणीतरी तुमच्याकडे विकायला आणली आणि तुम्ही नाकारलीत."

सुजीतने मान खाली घातली. घेतली नाही म्हणजे आपण चोरीत नाही, असं त्याला वाटलं होतं.

"आणणारा कोण?" पंढरीने विचारलं.

"मिथुन नव्हे. तो कागदाला पाण्याचा थेंब लागू देत नाही. ज्याला रेकॉर्डी कळत नाहीत आणि हळदीचे कपडे ज्याने कधी धुतले नाहीत, पण कोऱ्या वस्तूला भाव असतो एवढं ज्याला माहीत आहे, त्याने लेबल साबणाने धुतलं. मग टॉवेलवर दाबून टिपलं. टॉवेलवर लेबलएवढा गोल डाग उमटला, आणि मधल्या भोकापाशी टॉवेल कोराच राहिला. भाग्येश, रस्सा सांडला तर मध्ये असा ठिपका सुटत नाही."

भाग्येश आपल्या मोटरसायकलपाशी गेला आणि पिशवी घेऊन आला.

गटावर फोटो टाकल्यावर लोक मागेच लागले होते, तो सांगू लागला. एकाला त्याने शब्द देऊन टाकला. त्या माणसाने लेबलचा फोटो मागितला, तेव्हा भाग्येश हळद काढायला गेला. लाल लेबल पाहून तो माणूस फिरला, मग सुजीतही नाही म्हणाला. "आज कपाटामागे सरकवून सापडली म्हणणार होतो, आत्या."

"माझी आई ती. तुजी आजी ना रं?" रंभाबाई एवढंच म्हणाल्या.

मिथुनने रेकॉर्ड दिव्याखाली धरून तिरपी करून पाहिली. "गान्याला काय झाला नाय. कागदच गेलाय."

"म्हणजे आता हिला काही भाव नाही?" रंभाबाईंनी सुजीतला विचारलं.

"काहीच नाही, आजी."

"बरं झालं," रंभाबाई म्हणाल्या. "आता हिला कोन नेनार नाय."

त्यांनी हळदीची वाटी उचलली आणि भाग्येशपुढे धरली. "काढलीस तू. लाव आता तूच."

भाग्येशने बोट बुडवलं. त्याने लाल कागदावर पिवळं बोट नीट टेकवलं. मिथुनने सुई ठेवली. मांडवातल्या म्हाताऱ्या बायका बोलता बोलता थांबल्या, आणि मैनाबाईने पहिली ओळ धरताच दीपिका पाटावर जाऊन बसली.