चौथ्या हिवाळ्याचे बूट

कराडला थंडी पडते म्हणजे माणसं सकाळी कपाटातून स्वेटर काढतात आणि दुपारी परत ठेवून देतात. अशा ठिकाणी पंख्याखाली बसून शाल्मली शेडगे उणे वीस अंशांत सायकल चालवायचे बूट निवडत होती. दिवाळीची सुट्टी संपली की तिला फिनलंडमधल्या औलू गावी परतायचं होतं. तिथं लोक भर बर्फातही सायकलनेच कामावर जातात. मागच्या हिवाळ्यात हौसेने तीही गेली आणि पायाची बोटं पांढरीफटक करून घेतली. आता मात्र साध्या बुटांवर भागवायचं नाही, असं तिने ठरवलं होतं.

"जरा मोठंच घे. वाढत्या अंगाचं," मागून तिच्या संगणकाच्या पडद्यात डोकावत अण्णा म्हणाले. तिचे वडील, निवृत्त क्रीडाशिक्षक. न विचारता सल्ला देणं हे त्यांचं पेन्शनीतलं मुख्य काम.

"अण्णा, तिशी उलटली माझी. आता काय वाढणार?"

"पाय नाय वाढायचा, पण मोजा जाड असतोय की!"

ते बरोबरच होतं. घट्ट बुटात रक्त फिरत नाही आणि पाय लोकरीतही गोठतो. पूर्वी हे सगळं अंदाजाने चाले. आता दुकान आधी घरी पायपट्टी पाठवत असे, जेवताना बसायच्या आसनाएवढी, पातळ. तिच्यावर दोनदा उभं राहायचं, सकाळी ताज्या पायाने आणि संध्याकाळी थकलेल्या. पट्टी वजन, रक्ताचा प्रवाह, नसांची थरथर, सगळं टिपून घेई. त्यातून दुकानाच्या संगणकात गिऱ्हाइकाचा हुबेहूब पाय तयार होई. त्याला प्रतिपाद म्हणत. हा प्रतिपाद एकेका बुटात घालून त्याला पाच हिवाळे पेडल मारायला लावायचं, आणि जो बूट टिकेल तो पाच हिवाळ्यांच्या हमीसह विकायचा.

सकाळी शाल्मली उभी राहिली. संध्याकाळी पट्टी वाजायला लागली तेव्हा तिची ऑफिसची मीटिंग रंगात आली होती. माइक बंद करून तिने हाक मारली, "अण्णा, तुम्हीच उभे राहा जरा. आपला पाय एकच."

हा घरचा रिवाजच होता. शाळेत ती अण्णांचे कॅनव्हासचे बूट घालून धावली होती, आणि अण्णा बाजारात स्वतःच्या पायात घालून बघून तिच्या चपला आणत. त्यामुळे यात काही चुकतंय असं कुणालाच वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला निकाल आला. तळाला पेडलमध्ये अडकवायची धातूची खीळ असलेले बूट बाद, कारण धातूतून थंडी वर चढते. लोकरीच्या अस्तराचा, नाडीऐवजी तार आवळून बसवायचा एक जोड पसंत. खाली ओळ होती: 'हमी तीन हिवाळे. चौथ्या हिवाळ्यासाठी या पायाला बूट सुचवता येत नाहीत.'

तिने चित्रफीत लावली. तिसऱ्या हिवाळ्यात प्रतिपादाचा चवडा पेडलवरून घसरू लागला. चौथ्यात तो पाय उचललाच गेला नाही.

तिने दुकानाला फोन लावला. पलीकडे बाई होती की यंत्र, हे हल्ली कळत नाही.

"आम्ही डॉक्टर नाही, ताई. आजाराचं नाव घ्यायची आम्हाला परवानगी नाही. आम्ही हमी देतो किंवा देत नाही."

"पण दोष बुटात आहे की पायात?"

"सगळे बूट घालून पाहिले. तेच आलं."

शाल्मलीने मग खरं काय घडलं ते सांगितलं. पलीकडून उत्तर आलं, "दोन माणसांचा एक पाय केलात तर प्रतिपाद चुकू शकतो. चुकलाच असेल असं नाही. दोघं वेगवेगळे उभे राहा, नव्याने. कळेल."

अण्णा चहाचा कप घेऊन सगळं ऐकत होते. "मशीनला काय कळतंय? त्यांला बूट खपवायचेत."

"खपवायचे असते तर नाही कशाला म्हणाले असते?"

अण्णा कप विसळायला उठले. डॉक्टरकडे जावं, तर दोघांपैकी न्यायचं कुणाला?

दिवसभर दोघं एकमेकांच्या पायांकडे बघत राहिले. अण्णांची डाव्या पायातली सपात हल्ली वाटेत निसटायची आणि त्यांना पत्ताच नसायचा. घरात त्यावर किती हसणं झालं होतं! शाल्मली औलूत कितीदा तरी धडपडली होती आणि तिने बर्फाला शिव्या घातल्या होत्या. मन चिंती ते वैरी न चिंती. जेवताना तिच्या पोटरीला मुंग्या आल्या, तर घास ठेवून ती पाय चोळत बसली.

"काय बघताय, अण्णा?"

"काय नाय. तू काय बघतीयास?"

सकाळी ती बाहेर आली तेव्हा अण्णांची अंघोळ उरकली होती. बैठकीत पट्टी अंथरलेली होती आणि ते शेजारी अनवाणी उभे होते.

"आधी मी," ते म्हणाले. "माझ्यात निघालं की मिटलं. मग तू उभंच राहू नको. बूट घ्यायचे आन् सरळ जायचं."

"मिटलं काय, अण्णा!"

"म्हातारा पाय हाय. त्याचं काय एवढं?"

तेव्हा तिला कळलं की हा माणूस स्वतःसाठी आजार मागतोय. तिला भयंकर राग आला, रडू आलं. आणि त्याहून वाईट म्हणजे क्षणभर बरंही वाटलं. त्या बरं वाटण्याची तिला इतकी लाज वाटली की तिला त्यांच्याकडे बघवेना.

मैदानात उतरण्यापूर्वी पोरांना शिकवायचे तसं अण्णांनी वाकून पट्टीला हात लावला, तो कपाळाला लावला आणि पाऊल उचललं.

"अण्णा," ती म्हणाली, "आणि तुमचा पाय चांगला निघाला तर?"

अण्णांना पाऊल खाली टेकवेना.