रकाना चौथा : आईचे नाव

१. नाव : कुंदुज.
२. वय : वीस.
३. कुठे, किती दिवस : पोलंड. विद्यापीठाचे एक सत्र, फेब्रुवारी ते जून.
४. आईचे नाव :

इथे कुंदुजचं पेन थांबलं… आणि शेगडीपाशी कणीक मळणाऱ्या बुरुलचे हातही थांबले!

पहिलं मूल आजीआजोबांचं. नारीनच्या डोंगरात ही रीत कोणी लिहून ठेवली नाही आणि कोणी मोडलीही नाही. कुंदुज चाळीस दिवसांची झाली तेव्हा बुरुलनं तिला सासूच्या ओटीत घातलं आणि ती नवऱ्याबरोबर राजधानीला, बिश्केकला निघून गेली. पुढे दोन मुलगे झाले, शिवणाच्या कारखान्यात मशीन मिळालं, वर्षं सरली… पण कुंदुज आजीला, झुउराला, ‘आई’ म्हणत राहिली आणि जन्मदात्रीला ‘वहिनी’. वर्षातून दोनदा बुरुल पाहुणीसारखी यायची आणि त्या एका हाकेनं काळजात कळ घेऊन परतायची.

“लिही की!” गादीवरून झुउरा म्हणाली. तिचे गुडघे गेले होते, जीभ शाबूत होती. “दाखल्यावर हिचंच नाव आहे. मी कोण? वीस वर्षं राबलेली दाई!”

“आई, काहीतरीच काय बोलतेस ग!” कुंदुज म्हणाली.

“तू गप्प बस. सूनबाई, तूच पढवलंस ना पोरीला? आज पोलंड, उद्या बिश्केक, परवा तुझ्या घरी! दिलेलं परत हवं होतं तर समोर बसून मागायचंस. असं चोरून कशाला?”

बुरुलनं मान वर केली नाही. सासूला उलट बोलायचं नाही, हे ती या घरात पाऊल टाकल्यापासून पाळत आली होती.

“माझी बाता, माझा आशीर्वाद मिळणार नाही,” झुउरानं निर्वाणीचं सांगितलं. थोरांनी तळवे उघडून बाता दिल्याशिवाय त्या घरातून कोणी शेजारच्या खोऱ्यातल्या लग्नालासुद्धा गेलं नव्हतं… हा तर परका मुलूख!

“मग जातच नाही!” कुंदुज ताडकन उठली.

५. परतीची तारीख : (इथून कागद फाटला आहे.)

“फाडू नकोस!” बुरुल झेपावली. कणकेनं माखलेल्या हातांनी तिनं लेकीचं मनगट घट्ट धरलं. न विचारता, हक्कानं… वीस वर्षांत पहिल्यांदा!

“वहिनी, तू म्हणतेस हे?” कुंदुजला रडू फुटलं. “निवड झाली तेव्हा फोनवर तूच म्हणालीस ना, जाऊ नकोस, आईचे गुडघे गेलेत, तिला उठवणार कोण? आठवडाभर बोलले नव्हते मी तुझ्याशी!”



“हिनं… नको सांगितलं?” झुउराचा आवाज खोल गेला.

“तेव्हा पोरीचा चेहरा दिसत नव्हता मला,” बुरुल म्हणाली. “आत्ता दिसला. आई, जाऊ द्या तिला. मी राहते इथे, जूनपर्यंत. पोरं बापाजवळ राहतील.”

“आणि कारखाना?” झुउरानं विचारलं.

“बसेल दुसरी कोणी मशीनवर.”

“माझं सगळं करावं लागेल. पटणार नाही आपलं.”

“शिव्या द्या. त्याशिवाय तुम्हाला जेवण पचत नाही म्हणे.”

कुंदुज रडता रडता फिसकन हसली. म्हातारी हसली नाही. तिनं दोन्ही तळवे उघडले… आणि तिनं ते पुन्हा मांडीवर ठेवले.

“बुरुल, बाता तू दे.”

“मी? तुमच्यासमोर?”

“ओटीत पोर घातलीस त्या दिवशी तू रडली नाहीस. मला वाटलं, हिच्या जिवाला काही लागलंच नाही. त्या एका समजावर मी तुला वीस वर्षं छळलं ग…”

बुरुलनं तळवे उघडले. थोरामोठ्यांचे शब्द तिला कुठून यायचे?

“थंडी असेल, डोकं झाकत जा. पोटभर खा. कोणी हसलं तर तूही हस… आणि परत ये. आईकडे परत ये.”

“कुठल्या आईकडे?” कुंदुजनं हळूच विचारलं.

“विचारतेस काय, वेडे!” झुउरा ओरडली. “घरात दोन बसल्यात, दिसत नाहीत? ओमिन म्हण!”

‘तसंच होवो’ या अर्थाचं ते ‘ओमिन’ म्हणत तिघींनी तळवे चेहऱ्यावरून फिरवले. दोघींचे खाली आले. बुरुलचे आले नाहीत… तिचे खांदे गदगदत राहिले, आणि गुडघे गेलेली ती म्हातारी जमिनीवरून सरकत, सरकत तिच्यापाशी पोहोचली.