कागदावरच्या मावशी

घर पाहावं बांधून, असं म्हणतात. ज्यानं ही म्हण केली त्यानं घर भाड्यानं दिलं नसावं, नाहीतर म्हण एवढ्यावर थांबली नसती.

इमारतीत त्यांना सगळे मालक म्हणत. त्या हाकेत मान कमी आणि तक्रार जास्त असे. मालक, तुमच्या मोरीची ओल आमच्या छताला आली. मालक, तुमच्या भाडेकरूनं गाडी आमच्या जागेत लावली. जन्मभर लिफ्टदुरुस्तीचं काम केलेला हा माणूस. निवृत्तीच्या पैशांतून त्यांनी तिसऱ्या मजल्यावरचा हा फ्लॅट घेतला, तो भाड्यावर म्हातारपण निवांत जाईल म्हणून. प्रत्यक्षात ते पाना आणि वॉशरची पिशवी घेऊन त्याच जिन्यावर चढउतार करत राहिले. स्वतः राहायचे गावाच्या दुसऱ्या टोकाला, एका खोलीच्या घरात, एकटे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती.

शेवटच्या भाडेकरूनं त्यांचा पार घाम काढला. करार संपला तरी तो हलेना. नोटीस दिली तर घेईना, कोर्टात तारीख पडली की त्याला ताप येई. अखेर गेला तो दारांच्या मुठी आणि दिव्यांचे होल्डरसुद्धा काढून घेऊन गेला. मालकांनी उघड्या वायरींना चिकटपट्टी लावली, कुलूप घातलं आणि ठरवलं की आता भाडं नको पण भाडेकरू आवर.

पण रिकामं घरही गप्प बसत नाही. पाइप फुटला आणि खालच्या बाईंच्या कपाटावर पाणी पडलं, तेव्हा विमा कंपनीच्या माणसानं खांदे उडवले. घर इतके महिने बंद असेल तर विमा लागू होत नाही, म्हणाला. कुणी राहत असेल तर गोष्ट वेगळी.

मग मालकांनी एक भाडेकरू तयार केला. त्रास न देणारा भाडेकरू हवा असेल तर तो नसलेलाच बरा, हा विचार तेव्हा त्यांना फार हुशारीचा वाटला. घरी बसून त्यांनी करार लिहिला. एक वयस्क बाई, एकट्या, नात्यानं दूरच्या मावशी. कलमं नेहमीचीच: भिंतीला खिळे ठोकायचे नाहीत, पोटभाडेकरू ठेवायचा नाही, मालकानं आदल्या दिवशी सांगितल्याशिवाय घरात यायचं नाही. हे शेवटचं कलम त्यांना एरवी टोचायचं. या वेळी मात्र त्यांनी ते हसतहसत लिहिलं आणि डाव्या हातानं मावशींची सही केली. दाराबाहेर पायपुसणं टाकलं, बाल्कनीत एक करडी शाल वाळत घातली आणि बैठकीच्या दिव्याला टायमर जोडला. विजेचं काम तर हातचा मळ. सोसायटीच्या ऑफिसात सांगून आले की मावशींना कमी ऐकू येतं, उगाच बेल मारू नका.

खोट्याच्या कपाळी गोटा, हे त्यांना ठाऊक होतं. फक्त तो इतक्या सावकाश येईल असं वाटलं नव्हतं.

पहिल्यांदा खालच्या बाई म्हणाल्या की तुमच्या मावशी भल्या आहेत हो, पावलाचा आवाज येत नाही. आवाज येणार कुठून, असं मनाशी म्हणत मालकांनी मान डोलावली. पुढच्या वेळी त्या म्हणाल्या की मावशींना खोकला झालाय, औषध नेऊन द्या. लोकांना रिकामी जागा बघवत नाही, काहीतरी भरतातच, अशी मालकांनी स्वतःची समजूत घातली. मग पाण्याचं मीटर पुढे सरकलेलं दिसलं. ते वर जाऊन सगळे नळ तपासून आले. सगळे कोरडे होते. खोल्यांत धूळ होती, बंद घराला येतो तो वास होता. निघताना त्यांची नजर बाल्कनीकडे गेली. करड्या शालीची घडी घालून ती कठड्यावर ठेवलेली होती.

वाऱ्यानं घडी पडत नाही, एवढं लिफ्टदुरुस्ती करणाऱ्यालाही कळतं. त्यांनी ती शाल पिशवीत कोंबली आणि बरेच दिवस त्या बाजूला फिरकलेच नाहीत.

फिरकावं लागलं ते मुलीमुळे. मुलगी नवऱ्याचं घर सोडून लहानग्या पोरीला घेऊन त्यांच्याकडे आली होती. एका खोलीत तिघं. रात्री मालक स्वयंपाकाच्या ओट्याशी अंथरूण घालत आणि पोरगी लाथा मारी म्हणून कूस बदलत. त्याचं त्यांना काही नव्हतं, उलट घरात कुणीतरी लाथा मारतंय याचंच बरं वाटे. पण पोर कुणाकडे राहणार याचा खटला चालू होता, आणि नवऱ्याच्या वकिलानं नेमकं तेच धरलं होतं. हिला स्वतःचं छप्पर नाही, पोरीला झोपायला जागा नाही. पुढच्या तारखेच्या आत स्वतंत्र घर दाखवा, असं न्यायाधीशांनी सांगितलं. कोर्टाचा माणूस येऊन पाहून जाणार होता.

"बाबा, तुमचा तो फ्लॅट आहे ना?" मुलगी म्हणाली. "मावशींना दुसरीकडे सोय करायला सांगा ना."

मालकांनी मुलीलाही खरं सांगितलेलं नव्हतं. ते फक्त म्हणाले, बघतो.

दुसऱ्या दिवशी ते किल्ली घेऊन गेले. कुलूप उघडलं, दार बोटभर सरकलं आणि अडलं. आतून साखळी लावलेली होती.

ती साखळी त्यांनीच बसवली होती. बाहेरून ती लावता येत नाही.

त्यांनी किल्लीवाल्याला आणलं. किल्लीवाल्यानं फटीत हत्यार घातलं, मग थांबला आणि सगळी हत्यारं पिशवीत भरू लागला. आत कुणीतरी खोकतंय, म्हणाला, माणूस असलेलं घर मी फोडत नाही. चौकीतल्या हवालदारानं करार पाहिला आणि कानांवर हात ठेवले. भाडेकरूचा मामला, कोर्टात जा.

मालक वकीलबाईंकडे गेले. मुलीचा खटला त्याच लढवत होत्या. टेबलावर फायलींचा ढीग, पंख्याखाली अर्धा प्यालेला चहा. मालकांनी दार लावून घेतलं आणि सगळं सांगितलं. अशी बाईच नाही, सही माझी, सगळं खोटं.

वकीलबाईंनी चष्मा काढून डोळे चोळले.

"हे माझ्यासमोर बोललात, दुसरीकडे बोलू नका. मुलीच्या खटल्यात मुख्य साक्ष तुमची आहे. बनावट सह्या करणाऱ्या आजोबांच्या शब्दावर कोण पोर देईल?"

"मग मी करू काय?"

"कागदावर ती भाडेकरू आहे, म्हणजे आहे. तिला नोटीस द्या, मुदत द्या. नाही हलली तर दावा लावा, त्याला वर्षं लागतील." त्यांनी चष्मा परत चढवला. "नाहीतर जाऊन नीट बोला. वयस्क बाई आहे. बऱ्याचदा त्यांना एवढंच हवं असतं की जायला जागा असावी."

आपलेच दात, आपलेच ओठ. मालक बाहेर येऊन बाकावर बसले. भाडेकरूंशी भांडून ते थकले होते, पण ते थकणं झोपल्यावर उतरायचं. हे उतरणारं नव्हतं. तारीख तोंडावर आली होती आणि घरी पोरगी त्यांच्या चपला घालून खोलीभर फिरत होती.

ते भर दुपारी गेले. जिन्यात ऊन होतं, कुठल्याशा घरात कुकरची शिटी झाली. त्यांनी कुलूप काढलं. दार बोटभर उघडलं. साखळी ताठ झाली.

फटीतून औषधी बामाचा वास आला.

"मावशी," ते म्हणाले.

आत कुणीतरी खुर्ची सरकवली. सावकाश, गुडघे दुखणाऱ्या माणसानं सरकवावी तशी.

"न सांगता आलात," आतून बाईचा आवाज आला. रागाचा नव्हता. थकलेला होता, त्यांच्याइतकाच.

मालकांनी चौकटीला धरलं.

"चुकलं माझं. पण मला घर हवंय. माझ्यासाठी नाही. मुलीसाठी, नातीसाठी. नाहीतर पोर जाईल तिच्या हातची."

आत खुर्ची पुन्हा करकरली.

"मी कुठे जाऊ?"

त्यांना वाटलं, हिला काय जायचंय. ही आलीच कुठून. पण ते तोंडातून निघालं नाही. त्यांना फक्त हे संपायला हवं होतं.

"माझ्याकडे जा," ते म्हणाले. "एक खोली आहे. मुलगी इथे आली की रिकामीच."

"लिहून देता?"

"आता काही लिहीत नाही मी."

"तोंडी चालेल," आवाज म्हणाला.

दुसऱ्या दिवशी साखळी सुटून लोंबत होती. आत कुणी नव्हतं. खुर्ची नव्हती, बामाची बाटली नव्हती. जमिनीवर सगळीकडे सारखी धूळ होती, दारापाशीसुद्धा, आणि तिच्यावर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. मालकांनी ती स्वतः झाडली. मुलीला म्हणाले, मावशी गेल्या, सुंठीवाचून खोकला गेला. मुलगी त्यांच्या गळ्यात पडली.

भिंतींना रंग दिला, पोरीची छोटी खाट आणली. कोर्टाचा माणूस आला, खाट पाहून गेला. तारखेला मालकांनी साक्ष दिली आणि पोर आईकडेच राहिली. कोर्टाच्या पायऱ्यांवर ते सगळ्यांदेखत रडले. कितीतरी दिवसांनी त्यांच्या छातीवरचं ओझं उतरलं होतं. मुलीनं जेवायला थांबा म्हटलं, पण ते नको म्हणाले. आज आपल्या घरी, आपल्या पलंगावर, पाय ताणून झोपायचं होतं.

घरी पोचले तेव्हा दुपार कलली होती. त्यांनी किल्ली फिरवली. दार बोटभर उघडलं.

आतून साखळी ताठ झाली. त्यांच्या दाराला साखळी नव्हती. कधीच नव्हती.

समोरचं दार उघडलं. समोर शिंपी राहायचा. वीस वर्षांत मालकांची प्रत्येक विजार त्यानं शिवली होती, त्यांची कंबर कधी वाढली आणि कधी उतरली हे त्याला तोंडपाठ होतं. त्याच्या गळ्यात टेप लोंबत होती. त्यानं मालकांकडे पाहिलं, अनोळखी म्हाताऱ्याकडे पाहावं तसं, आदरानं.

"मावशींकडे आलात का?" तो हलक्या आवाजात म्हणाला. "दुपारच्या झोपतात त्या. उठवू नका."

मालकांनी तोंड उघडलं. आपलं नाव सांगावं असं त्यांच्या मनात आलं, आणि ते पटकन आठवेना.

शिंप्यानं आतून एक स्टूल आणून जिन्यात ठेवलं.

"बसा," तो म्हणाला. "काही निरोप होता का?"

मालक बसले. पाय फार दुखत होते.