लोण्याला मिळालेला कप

मॅडमने सांगितलेलं काम साधं होतं. चांदीचा कप जॅस्मिनच्या खोलीवर पोचवायचा. २००२ सालचा जून. मॅडम घर मोडून सकाळीच अमेरिकेला गेली होती.

कप मॅडमच्या पणजीच्या घरातला. तिकडच्या शेतीच्या जत्रेत उत्तम लोण्याचं बक्षीस. मॅडम सांगायची, लोणी काढलं धाकट्या बहिणीने, जत्रेत नेलं थोरलीने, आणि कपावर नाव कोरलं गेलं थोरलीचं. धाकटी त्याच थंडीत मेली.

इथे आखातात, अल हैलच्या त्या घरात चौदा वर्षं स्वयंपाक मी केला. जॅस्मिन कालची पोर. कप ती घासायची, हे खरं. म्हणून कप तिला? आणि मला मिक्सर? कप पिशवीतच राहू दिला. मी तिच्या दारात मिक्सर ठेवला.

"कप नाही, क्लोटिल्डा आंटी?"

"मॅडमने नेला."

ती हसली. "सुटले बाई! घासताना कुणीतरी माझ्या हातावर हात ठेवायचं. मी म्हणायची, माझा नाही हो, मॅडमचा. मग सोडायचं…"

"चल, येडी!"

माबेला भागातल्या माझ्या खोलीत दुपारी तीनला कप बाहेर काढला. एसी बंद पडलेला. बाहेर उन्हात कुत्रंसुद्धा नव्हतं. टेबलावर ठेवला तसा आंबट ताकाचा वास सुटला. मग आवाज. धप्… धप्… घुसळल्यासारखा. भिंतीपलीकडे नाही, कपात.

वाकून पाहिलं. चांदीत माझं तोंड, आणि खांद्यामागे एक बाई. बाह्या वर सारलेल्या, हात कोपरापर्यंत ओले.

माझ्या हातावर हात पडला. थंडगार.

"माझा नाही…" जेजूचं नाव घेत मी म्हटलं. "जॅस्मिनचा आहे…"

हात सुटला नाही. खरं बोलले तरी सुटला नाही, कारण कप माझ्या खोलीत होता.

तेव्हाच नेऊन द्यायला हवा होता. पण तो त्या पोरीच्या कपाटात चमकणार? नाही दिला.

मी कप कधी घासला नाही. काळा पडला. एवढीच जागा लख्ख होत गेली, जिथे थोरलीचं नाव होतं. रोज धप् धप्, रोज एकेक अक्षर झिजलेलं. नाव संपलं, आवाज थांबला. म्हटलं, सुटले.

काल बत्ताका बदलायला गेले, इथलं ओळखपत्र. खिडकीतल्या माणसाने तो उलटापालटा करून परत सरकवला. फोटो माझा. नंबर माझा. नावाच्या जागी नुसतं गुळगुळीत प्लॅस्टिक.

त्यावरून बोट फिरवलं. बोटाला लोणी लागलं.