जवळजवळ नवा

दुकानाच्या पाटीवरच पहिली ठिणगी पडली. ‘नुतनीकृत लॅपटॉप. जवळजवळ नवे!’ आणि तो ‘नु’ ऱ्हस्व. उभा जन्म दुसऱ्यांच्या चुका वेचण्यात घालवलेल्या मुद्रितशोधक बाईला भर दुपारी असलं काही वाचावं लागलं, की तिचं डोकं फिरायचंच. गल्लीत तिला वेलांटी म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण तिला ते ठाऊक होतं आणि मनातून थोडं आवडतही होतं.

‘नू दीर्घ असतो,’ आत पाऊल टाकतानाच ती म्हणाली. ‘आणि जुन्याला जुना म्हणायला तुमची काय जीभ झडते का हो?’

‘या काकू, बसा,’ दुकानदार म्हणाला.

‘काकू तुमच्या घरी असतील.’

‘बरं, मॅडम.’

बसण्यावाचून गत्यंतर नव्हतं. तिच्या लॅपटॉपने आदल्या संध्याकाळी, पुस्तक अर्धं तपासून झालेलं असताना, अचानक डोळे मिटले होते. पडदा काळा, बटण दाबा नाहीतर नवस बोला. प्रकाशक सकाळपासून फोन करत होता. कोरा करकरीत लॅपटॉप घेण्याची ऐपत नव्हती, आणि जुना घ्यायचा तर तो पारखून घ्यायला हवा. ताई म्हणाली होती, ‘बघून घे हो. गोड बोलून गळ्यात मारतील.’ ताई, म्हणजे तिची थोरली बहीण, गुडघ्यांमुळे घरीच होती.

दोघीच होत्या त्या. नवरे नव्हते, मुलं नव्हती. एकीला दुसरी, बस. कामही दोघींचं मिळून. ताई मूळ प्रत मोठ्याने वाचायची आणि वेलांटी पडद्यावर ताडून बघायची. वाचताना ताई विरामचिन्हंसुद्धा उच्चारायची, पण पुस्तकी नावांनी नाही. तेवढं लांबलचक कोण बोलत बसणार? प्रश्नचिन्ह म्हणजे ‘आकडा’ आणि उद्गारचिन्ह म्हणजे ‘बोंब’. ‘अरे देवा बोंब,’ असं ती इतक्या सपाट आवाजात वाचायची, की वेलांटीला हसू आवरत नसे. ही बोली त्या घराच्या उंबऱ्याबाहेर कधी गेली नव्हती.

दुकानदाराने मांडलेल्या लॅपटॉपांतला एक तिने जवळ ओढला. झाकण उघडलं, मिटलं. बिजागरी कुरकुरली नाही. पडद्यावर डाग नव्हता. कडेला ओरखडे होते, ते असायचेच. तिने बटणांवर बोटं टेकवली आणि लगेच उचलली.

‘हा चालू होता का आत्ता?’

‘नाही हो. तुमच्यासमोरच सुरू केला ना.’

बटणं कोमट होती. नुकतंच कोणीतरी उठून गेलेल्या खुर्चीची बैठक असते तशी.

‘बिनधास्त टाईप करून बघा,’ तो म्हणाला. ‘मराठी टाकून दिलंय. शब्दसुद्धा सुचवतो.’

पाटीची चीड अजून गेली नव्हती, म्हणून तिने लिहिलं, ‘काय हे’. खालच्या पट्टीत यंत्राने पुढचा शब्द सुचवला.

बोंब.

वेलांटीने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. शब्द तिथेच होता.

‘हा लॅपटॉप आधी कोणाचा होता?’

‘एका ऑफिसचा मोठा लॉट आलाय. पण आतलं सगळं पुसून टाकलंय, मॅडम. कोरी पाटी.’

‘कोरी पाटी बोंब मारत नाही!’

त्याला काही कळलं नाही. कळण्यासारखं नव्हतंच. त्याने लॅपटॉप आपल्याकडे फिरवला, काहीबाही दाबलं, बंद केला, पुन्हा सुरू केला आणि ‘आता बघा’ म्हणून परत तिच्यापुढे सारला. तिने अजून एकही बटण दाबलं नव्हतं. तरी पट्टीत तीन शब्द ओळीने येऊन बसले.

आलीस. का. आकडा.

खुर्चीत बसल्या बसल्या, मान न वळवता ताई विचारायची ते अगदी असंच. वेलांटीच्या अंगावर सर्रकन काटा आला, आणि काटा आला याचाच तिला भयंकर राग आला.

‘हे माझ्या घरातलं बोलणं आहे,’ ती म्हणाली. ‘तुम्ही लोक घराघरांतलं बोलणं चोरता आणि पुन्हा आम्हालाच विकता. लाज नाही वाटत?’

‘अहो, तोंड सांभाळून बोला! मी काय केलंय?’ दुकानदारही तापला. ‘नको असेल तर राहू द्या. जबरदस्ती आहे का?’

उठावं आणि तडक घरी जावं, असं तिच्या मनात आलं. पण ती हटून बसणारी बाई होती. नामांकित लेखकांशी एकेका अनुस्वारावरून भांडलेली. चोराला चोरी करताना पकडायचंच, म्हणून तिने मुद्दाम साधंसरळ वाक्य लिहिलं. ‘ताई घरी आहे.’

पूर्णविराम देताच ‘आहे’ पुसलं गेलं आणि त्या जागी ‘होती’ आलं.

ताई घरी होती.

तिने ‘होती’ खोडून ‘आहे’ केलं. यंत्राने ‘होती’ केलं. तिने पुन्हा खोडलं. बोटांत जोर आला, कानशिलं तापली. आयुष्यभर तिने दुसऱ्यांची क्रियापदं ताळ्यावर आणली होती, आणि आज हा ओरखड्यांचा डबा तिला काळ शिकवणार?

‘चुका आपोआप सुधारतो तो,’ दुकानदार पुटपुटला. ‘थांबा, ते बंद करतो.’

त्याने बंद केलं. बंद झाल्याचं तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

‘आहे,’ तिने लिहिलं.

होती.

दुकानदाराने दोन्ही हात गल्ल्यावरून काढून मांडीवर ठेवले.

वेलांटीने पर्समधून फोन काढला आणि ताईचा मोबाईल लावला. रिंग वाजत राहिली. ताईला फोनपर्यंत यायला वेळ लागतो, हे माहीत असूनही ती मनातल्या मनात तिला रागे भरत होती. उचल ना गं. उचल.

‘हॅलो?’

‘ताई!’ तिचा जीव भांड्यात पडला. ‘बरी आहेस ना?’

‘हे काय नवीन खूळ?’ ताई म्हणाली. ‘आतल्या खोलीतून मला फोन करतेस? गुडघे धरलेत माझे, आणि तुला चेष्टा सुचतेय होय?’

‘कुठल्या आतल्या खोलीतून?’

‘मघाशी किल्लीने दार उघडून आलीस ती. आलीस का म्हणून विचारलं, तर हूं नाही की चूं नाही. सरळ आत जाऊन खटखट सुरू. कसला एवढा राग आलाय?’

वेलांटीने फोन कानाला घट्ट दाबला. ताईच्या आवाजामागे, लांबून, बटणांची खटखट ऐकू येत होती. न थांबणारी, सवयीच्या हाताची. तिचे स्वतःचे हात रिकामे होते.

‘ताई, नीट ऐक. मी दुकानात आहे. आत जाऊ नकोस. दार उघड आणि शेजारी जाऊन बस.’

‘काहीतरीच तुझं. थांब, बघतेच आता तुझं नाटक.’

‘ताई, नको!’

खुर्ची सरकली. चपला फरफटल्या. आतल्या खोलीचं दार वाजलं.

खटखट थांबली.

‘अगंबाई,’ ताईचा आवाज आला. ‘इथे तर कोणीच नाही. तुझा बंद पडलेला डबा मात्र चालू झालाय बघ.’

‘बाहेर ये आधी!’

‘आणि हे काय लिहिलंयस माझ्याबद्दल? ताई घरी होती? होती काय, धडधडीत उभी आहे ना मी! काळ चुकलाय तुझा. तूच असं लिहायला लागलीस तर झालंच. थांब, खोडते.’

‘हात लावू नकोस त्याला! ताई, माझी शप्पथ आहे!’

ताईला त्या यंत्रातलं एकच बटण माहीत होतं, खोडायचं. आणि एकदा दाबलं, की बोट उचलायचं तिला कधी सुचत नसे.

दुकानात, वेलांटीच्या डोळ्यांसमोर, कोणाचाही हात लागलेला नसताना ‘होती’ पुसलं गेलं.

तिने सुटकेचा श्वास टाकला.

मग ‘घरी’ गेलं.

‘बोट उचल!’ ती किंचाळली. ‘ताई, बोट उचल!’

फोनमधून काहीच आलं नाही. श्वाससुद्धा नाही.

पडद्यावर आधी ई गेली. मग काना गेला. उरलेला एकटा त जरा वेळ तिथे होता.