बोगद्यातलं उत्तर

आमच्या गावासमोरच्या मेदेस बेटांभोवती मासेमारीला बंदी आहे, म्हणून तिथले गोब्रे मासे मांजरासारखे अंगाशी येतात. मी सोळाची झाले, डायव्हिंगची परीक्षा पहिल्या झटक्यात पास झाले, आणि बेटाखालच्या बोगद्यात जायचं ठरवूनच टाकलं.

माझा भाऊ ग्राऊ तीन वर्षांपूर्वी तिथेच राहिला. बाबा पुढे होते. अंधारात चेहरा दिसत नाही, म्हणून आम्ही टॉर्चनं भिंतीवर गोल काढून विचारतो: ठीक आहेस? मागचाही गोल काढतो: ठीक. ग्राऊनं गोल काढला, म्हणूनच तो मागे येतोय असं समजून आपण बाहेर पडलो, असं बाबा सांगतात. पण नंतर ग्राऊचा टॉर्च सापडला, तो नाही. आणि टॉर्चमध्ये सेलच नव्हते. घालायला विसरला होता. तेव्हापासून गावाच्या लेखी बाबा खोटारडे. आईसुद्धा त्यांच्याशी कामापुरतं बोलते.

बाबा खरं बोलतात, एवढंच मला बघायचं होतं.

"घाबरलीस तर माझा पाय धरू नकोस, मॅडम," मामेभाऊ नोलास्क म्हणाला.

"तू मागे राहा आणि गोल नीट काढ."

सतरा मीटरवर पाणी गार पडलं. तोंडात रबराची चव. वळणापाशी बाहेरचा निळा उजेड संपला, तेव्हा मी भिंतीवर गोल काढला. शेजारी दुसरा गोल उमटला, सावकाश, सुबक. मागे पाहिलं तर नुसता उजेड.

पुन्हा विचारलं. पुन्हा गोल.

मग मी विचारलं नाही.

तरी गोल आला.

वर आले, तर नोलास्क टॉवेल गुंडाळून बोटीत बसलेला.

"कान दुखला, बोगद्याच्या तोंडाशीच मागे फिरलो. हातवारे केले की तुला. बघतेस कुठे?"

घरी आई सारडिन मासे साफ करत होती.

"आई, बाबा खोटं नाही बोलले. मीही गोल पाहिला."

तिची सुरी थांबली नाही. "माहीत आहे. ग्राऊ गेला त्याच वर्षी मी बोगद्यात जाऊन आले."

"मग त्यांना सांगितलं का नाहीस? सगळं गाव तोंडावर थुंकतंय त्यांच्या."

"थुंकू दे. घरी तरी बसतो. सांगितलं तर रोज जाईल तिथे."

मला तिचा भयंकर राग आला. ती मात्र आता माझ्याकडे बघत होती.

"उजेड किती लांब होता?"

"माझ्या पायांशी."

तिनं सुरी खाली ठेवली.

"मी गेले तेव्हा पार आत होता," ती म्हणाली. "शेवटच्या कपारीत."