ठोक्याची पेटी

त्या सोमवारी निशिगंधानं उपासाची भगर नुकतीच शिजत टाकली होती, तोच मृत्युंजय रिकामी खोकी घेऊन दारात आला. तिच्या यशराजचा हा मित्र. यशराजची गाण्याची यंत्रं घेऊन जायला तिच्या नवऱ्यानं, राजवर्धनरावांनीच त्याला बोलावलं होतं. पोरगं जाऊन सात महिने झाले. त्या खोलीत आता त्यांना तांदळाची पोती ठेवायची होती.

"काकू, काढू न्हवं?"

"काढ बाबा. पण त्याचं शेवटचं गाणं एकदा वाजीव. पुरतं ऐकलंच न्हाई मी."

पुरतं कुणीच ऐकलं नव्हतं. यशराज यंत्रं जुळवत बसला असताना, "दिवसभर काय ठकठक लावलीया!" म्हणत बापानं मेन स्विच खाली ओढला. त्या दिवशी केलेलं सगळं पुसलं गेलं, गाणं अर्धंच उरलं. पोरगं न जेवता गाडीवर बसलं, ते मलकापूरला पोचलंच नाही.

पोरानं एकदा तिला समजावलं होतं. "आई, आरतीला टाळ आक्का धरती, बाकीच्या तिच्या मागनं. तशी ही पेटी. ही ठोका धरती, कॉम्प्युटर, ड्रम मशीन, सगळी हिच्या मागनं. जेवढी मागं, तेवढं हिरवं दिवं."

मृत्युंजयनं आधी नुसत्या पेटीला वीज दिली. ठक्... ठक्... ठक्... वर मिनिटाच्या ठोक्यांचा आकडा, चौऱ्याहत्तर. आणि एक हिरवा दिवा.

"हे कसं काय? वायर तर एक बी जोडली न्हाई..."

त्यानं पेटीची कळ फिरवून पाहिली. आकडा शंभरावर गेला, एकशे वीसवर गेला. सोप्यातला झोपाळा करकरत थांबला. राजवर्धनराव छाती धरून दारात आले, सदरा घामानं चिंब.

"निशे... आत काय... काय धडधडतंय..."

मृत्युंजयनं घाबरून कळ मागं घेतली. रावांचा श्वास हळूहळू जाग्यावर आला. निशिगंधानं त्यांचं मनगट धरलं. बोटांखाली आणि पेटीत एकच ठोका.

मृत्युंजयचा हात प्लगकडे गेला.

"नको!" एवढ्या मोठ्यानं ती जन्मात ओरडली नव्हती.

तो खोकी तिथंच टाकून गेला.

ज्या माणसानं स्विच ओढला, त्यानंच दुसऱ्या दिवशी इन्व्हर्टर आणला. भर दुपारी लाईट गेली की झोपाळ्यावरून हाक यायची, "चालू हाय न्हवं?"

"हाय."

नवराबायकोत तेवढंच बोलणं उरलं. ती रोज पेटीला हळदीकुंकू वाही. देवा, पोराचं एवढं तरी घरात राहू दे, म्हणे. सोळा सोमवारांत कुणाचं वाईट चिंतायचं नाही, हा तिचा नेम. पण त्या कळेकडे बघताना तिची बोटं आपोआप वळायची, मग बोटं ती पदरात गुंडाळून घ्यायची.

सोळाव्या सोमवारी उद्यापन झालं. चुरम्याचा घास तोंडात घोळवत राजवर्धनराव म्हणाले, "हट्टी होतं पोरगं. सोताच्याच करणीनं गेलं."

निशिगंधा उठली. ताट उचललं, हात धुतले, खोलीत गेली आणि कळ एक रेघ खाली केली. एकच रेघ.

आकडा त्र्याहत्तर.

सोप्यातल्या झोपाळ्याची करकर किंचित मंदावली.  "चुकले रे महादेवा..." म्हणत तिनं कळ वर फिरवायला घेतली. कळ हलेना. दोन्ही हातांनी जोर लावला, तरी हलेना.

आकडा आपला आपण उतरला. बहात्तर.

"यशा... बाळा, पुरे... बाप हाय तुझा..."

एकाहत्तर.

आणि पेटीवर दुसरा हिरवा दिवा लागला.

सोप्यातून हाक आली, "चालू हाय न्हवं?"

निशिगंधानं आपलंच मनगट घट्ट धरलं. बराच वेळ ती पेटीच्या ठोक्याशी ताडून बघत राहिली. इथंही तोच ठोका.

"हाय," ती म्हणाली.